बद्रीच्या वाटेवरचं बी

आमच्या आईच्या हाताला गुण आहे, असं औशाकडचे लोक सांगायचे. औसा तिचं माहेर, आणि तिथे बियाणं धरायचं काम बायांचं होतं. कोणतं कणीस बियाला ठेवायचं, कोणता दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हे पुरुषांना कुणी विचारायचं नाही. बियाला धरलेल्या फळाच्या देठाला चिंधी बांधायची आणि ते खडखडीत वाळेपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही, मग घरात भाजी नसो की पाहुणे येवोत. आई सात-आठ वर्षांची असल्यापासून चिंध्या बांधत शेतातून हिंडायची.

लग्न होऊन ती नांदेडला आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तालुकदाराच्या कचेरीत अहलकार होते, साधे कारकून. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि घरी आल्यावरही दर दोन वाक्यांमागे एखादा कचेरीतला शब्द टाकायचे. आम्हाला दोन खोल्या होत्या आणि मागे लहानसं अंगण. त्या अंगणात आईने दोडकी, घेवडा, कारली, झेंडू, असं काय काय लावलं होतं. शेजारणी बी मागायला यायच्या आणि आई ते देताना जरा ऐट करायची. एरवी गरीब स्वभावाची बाई, पण बियाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची नाही. मला ती तेव्हा फार आवडायची.

मी आठ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ गेला. सहा महिन्यांचा होता. त्या उन्हाळ्यात नांदेडात तापाची साथ होती आणि मामा औशाहून आम्हाला न्यायला आला होता. तो मला घेऊन गेला. आई बाळाला घेऊन मागे राहिली, चार दिवसांनी येते म्हणाली. ते चार दिवस संपायच्या आत बाळाला ताप भरला. मी परत आले तेव्हा पाळणा सोडून माळ्यावर टाकलेला होता. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

भेटायला येणाऱ्या बायांपैकी कुणीतरी हटकून विचारायचीच, भाऊ न्यायला आला होता तर गेली का नाहीस. आई दर वेळी एकच सांगायची, "मीच गेले न्हाई. माझंच चुकलं." असं बोलणं निघालं की आप्पा उठून बाहेर जायचे.

त्या वर्षी आईने अंगणात काही लावलं नाही. शेजारीण स्वतःहून घेवड्याचं बी घेऊन आली, तर आई म्हणाली, "माझ्या हाताला आता काही येणार न्हाई. तुम्ही लावा." तिने हे रडतबिडत सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तिने ते भाव सांगावा तसं सांगितलं, आणि पुन्हा ज्वारी पाखडायला बसली. ती रडतच नव्हती. नातेवाईक बाया आपसात म्हणायच्या की हिला एकदा रडू आलं पाहिजे. रडवायचा प्रयत्नही त्यांनी पुष्कळ केला, पण आई त्यांना पुरून उरली.

मामा मात्र वेगळा माणूस होता. श्रावण संपता संपता त्याने शेत धाकट्या भावावर टाकलं आणि गावच्या चार लोकांबरोबर बद्रीकेदारला निघाला. भाच्याच्या नावाने गंगेत बुडी मारून तो दिवाळीला परत आला आणि भाऊबीजेला आमच्याकडे हजर झाला. वाळून अर्धा झाला होता, पायांच्या टाचा फुटल्या होत्या. आईने ओवाळलं. त्याने ताटात गंगेची लहानशी लोटी ठेवली, खण ठेवला, आणि वर कागदाची एक पुडी ठेवली.

"बाई, ह्यात बी हाय," तो म्हणाला. बहिणीला तो बाई म्हणायचा. "शेवटच्या चट्टीच्या, म्हंजी यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागेच्या, वर एक ओढा लागतंय. त्याच्या काठाला निळं फूल दिसलं. लई हिंडलो आम्ही, पण तेवढ्या जागेबिगर कुठं दिसलं न्हाई. मनात आलं, बाईला दाखवावं. फूल कसं आणणार? मग बी हुडकलं."

आईने पुडी उघडलीसुद्धा नाही. "कशाला तरास घेतलास, दादा," म्हणाली आणि पुडी फडताळात ठेवून दिली. जेवताना मामाचं लक्ष दोनदा त्या फडताळाकडे गेलं. मला त्याची इतकी दया आली की मी मनातल्या मनात आईशी भांडले.

पुडीत तेरा बिया होत्या, हे मी दुसऱ्याच दिवशी पाहिलं. मोहरीपेक्षा मोठ्या, मुगापेक्षा लहान, काळपट तपकिरी. पुढे माझा मुलगा शेतकीच्या कॉलेजात शिकत असताना मी त्याला या झाडाची पानंफुलं सांगितली, तेव्हा त्याने एका जाड पुस्तकातलं चित्र दाखवलं. डोंगरी जिरेनियम म्हणे. कुंड्यांत लावतात ते नव्हे, रानातलं, आणि त्यातलीही एक क्वचित सापडणारी जात. चित्रात रंग चुकीचा होता. ते मी त्याला सांगितलं, पण त्याचा पुस्तकावर जास्त विश्वास होता.

मृग लागला तरी पुडी फडताळातच होती. गल्लीत ज्याच्या त्याच्या अंगणात आळी खणली जात होती आणि आमचं अंगण दुसऱ्या वर्षीही ओसाडच राहणार असं दिसत होतं. मग मीच ठरवलं. नऊ वर्षांच्या पोरीला जेवढी अक्कल असते तेवढी सगळी पणाला लावून, आई करायची तसंच मी सगळं केलं. बियांना राख चोळली. शेणाच्या पाण्यात बुडवून काढल्या. आमच्याकडे काळ्या मातीपेक्षा चांगलं काही असतं हे कुणाला सांगून पटणार नाही, म्हणून नदीकडच्या मळ्यातून ओच्यात भरून काळी माती आणली आणि न्हाणीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटभर खोल बिया टोचल्या. आई कधी सगळं बी पेरायची नाही, थोडं मागे ठेवायची. म्हणून मी नऊ लावल्या आणि चार पुडीत परत ठेवल्या.

पाऊस पडला. सगळ्यांचं उगवलं. माझं काही उगवेना. श्रावणात एके दिवशी मी बोटाने तिथली माती उकरत होते आणि मागे आई येऊन उभी राहिली.

"काय उकरून राहिलीस?"

मी खरं सांगितलं. लपवायची माझी ताकदच नव्हती. आईने खाली बसून माती चिमटीत घेतली. एक बी सापडलं, त्याचा दाबल्याबरोबर चिखल झाला.

"राख लावलीस?"

"हाव."

"शेण?"

"हाव."

"अगं, ती काय जवारी हाय का?" आईचा आवाज चढला. "कोण्या मुलखातलं बी, त्याला काय पाहिजे, काय नको, इचारायचं कुणाला तरी. काळ्या मातीत पावसाळाभर पाणी धरून ऱ्हातंय, कुजंल न्हाई तर काय हुईल? सगळं घातलंस का चुलीत?"

मी पळत जाऊन पुडी आणली. चार बिया तिने तळहातावर घेतल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "एवढं तरी शिकलीस," म्हणाली, आणि मग तिने माझा कान चांगला पिळला. बाळ गेल्यापासून ती माझ्यावर रागावली नव्हती, मी वाटेल ते केलं तरी नुसतं बघायची. कान दिवसभर दुखत होता आणि मी खुशीत होते.

रात्री जेवताना हा विषय आप्पांपुढे गेला. आप्पांना मेथी आणि कोथिंबीर यांतला फरक वास घेतल्याशिवाय कळायचा नाही, पण तहकीकात म्हटलं की ते खुलायचे. त्यांनी मामाला जोडकार्ड लिहिलं, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं. त्यात अकरा सवाल होते. जागा किती उंचावर होती, माती कसली, ऊन किती वेळ, हिवाळ्यात तिथे काय असतं. मामाचं उत्तर आलं ते चार ओळींचं. माती नावाला नाही, दगडगोटे आणि त्यांत कुजलेला पाला. पाणी येतं पण थांबत नाही. दिवाळीनंतर सहा महिने बर्फ. बी बर्फाखाली पडून राहतं, असं तिथला एक मेंढपाळ म्हणाला.

"गौर करा," आप्पा म्हणाले. "याचा अर्थ याला आधी थंडी सोसावी लागते. मगच ते उठतं."

"बर्फ कुठून आणायचं?" मी विचारलं.

आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर उलटून ती म्हणाली, "घरात सगळ्यांत गार जागा रांजणाखाली हाय." आणि मग, आपण काही बोललोच नाही असं दाखवत, तिने भाकर निखाऱ्यावर टाकली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण एक शब्द जास्त बोललो असतो तर ती मागे फिरली असती.

कार्तिक सरता सरता, थंडी पडल्यावर, आईने त्या चार बिया सहाणेवर हलकेच घासल्या. कारल्याचं बी कठीण असतं म्हणून त्याचं टोक ती चावून लावायची, त्यातलाच हा प्रकार. मग एका पणतीत ओली वाळू घालून त्यात बिया पुरल्या आणि पणती रांजणाच्या बुडाशी, जिथे पाणी झिरपून वाळू कायम ओली असे, तिथे रोवली. रोज उकरून बघायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद होती. मी ती पाळली. आप्पांनी पाळली नाही. कचेरीला जाण्यापूर्वी त्यांना अचानक फार तहान लागायला लागली आणि पाणी घेताना ते रांजणापाशी जरुरीपेक्षा जास्त वेळ वाकायचे.

पौषात, एका गारठलेल्या सकाळी, आईने मला हाक मारली. नुसतं "ये" म्हणाली. पणतीत दोन कोंब होते, पांढरट, वाकलेले, डोक्यावर बियाचं टरफल तसंच. आई उकिडवी बसून त्यांच्याकडे बघत होती. मी तिच्या पाठीला चिकटून बसले. तिने मला दूर केलं नाही.

एका फुटक्या माठाच्या बुडात विटांचे तुकडे, नदीची वाळू आणि लिंबाचा कुजलेला पाला घालून तिने ती रोपं लावली. पानं आली, गोल पण खोल कातरलेली. फाल्गुनात ऊन तापायला लागलं आणि एक रोप दोन दिवसांत मान टाकून गेलं. दुसऱ्याभोवती आईने ओलं गोणपाट बांधलं. चैत्रात तेही पुरेना.

"औशाला बारव हाय," आई एके दिवशी म्हणाली. "तिथं आत गार असतंय."

बाळ गेल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. आप्पा म्हणाले, "मी मोटारीची व्यवस्था करतो."

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या मोटारीत आई ते माठाचं बूड मांडीवर घेऊन बसली. वरून ओलं फडकं आणि त्यावर पदर. रस्ता असा होता की माणसांची हाडं खिळखिळी व्हावीत, पण तिने दोन्ही हातांनी ते असं सावरलं होतं की माती हलली नाही. ड्रायव्हरने ते टपावर ठेवा म्हणून हुज्जत घातली. आई त्याला म्हणाली, "मलाच टपावर बसवा मग." शेजारच्या म्हातारीने पदराकडे बघून विचारलं, "किती महिन्याचं हाय?" मी आईकडे बघायचं टाळलं. आई शांतपणे म्हणाली, "झाड हाय, मावशी." म्हातारी हसली नाही. लातूर येईपर्यंत ती आपल्या पदराने त्या झाडाला वारा घालत होती.

लातूरला मामा बैलगाडी घेऊन आला होता. औशाला पोचलो तेव्हा मामी दारातच उभी होती. "द्या इकडं, वन्सं, दमलाव," म्हणून तिने आईच्या मांडीवरून ते बूड उचललं. आई तशीच गाडीत बसून राहिली. तिचे हात रिकामे झाले होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. मामाने तिचा हात धरून तिला खाली उतरवलं. मी हे लिहिते आहे तेव्हाही मला तिचे ते हात दिसतात.

बारवेत पाण्याजवळच्या पायऱ्यांवर एक कोनाडा होता. उन्हाळाभर ते झाड तिथे राहिलं. आई रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला खाली उतरायची. गावच्या बाया पाणी भरायला यायच्या, तिला झाडाचं विचारायच्या. बाळाचं कुणी विचारलं नाही. मामीने सगळ्यांना आधीच दम भरून ठेवला होता, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

पाऊस सुरू झाल्यावर आम्ही परत नांदेडला आलो आणि भाद्रपदात त्याला फूल आलं. आधी एक, दोन दिवसांनी दुसरं. पाच पाकळ्या, जांभळ्याकडे झुकणारा निळा रंग, मध्ये पांढरं, आणि पाकळीवर बारीक गडद रेघा. आप्पा कचेरीतून अर्ध्या दिवसाची रुखसत, म्हणजे रजा, घेऊन आले आणि कारण विचारल्यावर तब्येतीचं सांगितलं म्हणाले. ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असावेत, निदान कचेरीत. गल्लीतल्या बाया रांग लावून बघून गेल्या. आईला पुन्हा ऐट करताना पाहून मला इतका आनंद झाला की मी न्हाणीत जाऊन रडले.

फुलं गळली आणि त्यांच्या जागी लांब चोचीसारखी शेंग धरली. एकेका शेंगेच्या बुडाशी पाच बिया. आईने दोन्ही देठांना लाल चिंध्या बांधल्या. भाऊबीजेला मामा येईल तेव्हा त्याच्या हातात बी द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. शेंग तपकिरी झाली, मी म्हटलं काढू या. आई म्हणाली, "थांब. खडखडीत वाळू दे. बी झाडावरच पिकलं पाहिजे." तिच्या माहेरी शंभर वर्षं तसंच करत आले होते, आणि दोडक्याच्या बाबतीत ते बरोबरच होतं.

आश्विनातल्या उन्हाच्या एका दुपारी आम्ही दोघी जेवून मागच्या दारी आलो तर चिंध्या जागच्या जागी होत्या आणि शेंगा उलगडल्या होत्या. चोचीच्या पाच फाकी वर वळून आकड्यांसारख्या झालेल्या, आणि बुडाशी काही नाही. त्या जातीच्या शेंगा वाळल्या की ताडकन फुटतात आणि बी हातभर, दोन हात लांब फेकतात. हे आम्हाला कुठून ठाऊक असणार?

आईने अंगण झाडलं. सगळा केर सुपात घेऊन पाखडला. मग गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी काडीने कोरल्या. मीही शोधत होते. एकही बी मिळालं नाही, आणि पुढेही त्या अंगणात ते कधी उगवलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. आई मधेच थांबली. "मी आज काढते, उद्या काढते करत बसले," ती म्हणाली. "थांबले. उगंच थांबले." आणि तिला रडू फुटलं. अडीच वर्षांचं रडणं होतं ते. रडता रडता तिने बाळाचं नाव घेतलं. घरात ते नाव मी तेव्हापासून ऐकलं नव्हतं. मी घाबरून तिचा पदर धरून बसले.

आप्पा कधी आले ते कळलं नाही. मागच्या दारात उभे होते, पायांत जोडे, काखेत छत्री. आई म्हणत होती, "मीच थांबले. दादा न्यायला आला हुता. मीच गेले न्हाई."

आप्पा दारातच, उंबऱ्यावर, खाली बसले. "तू कुठं थांबलीस," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "तुझं गाठोडं बांधलेलं होतं. मीच म्हणलो, चार दिवस थांब, रुखसत मिळाली की मी स्वतः पोचवतो. मी थांबवलं तुला."

आईने डोळे पुसले.

"ध्यानात हाय तुमच्या?" तिने विचारलं.

"रोज असतं."

"मला वाटलं, तुम्ही इसरलाव," आई म्हणाली. "म्हणून म्हणलं, असू द्या माझ्यावरच. तुम्हाला कशाला."

आप्पांनी मान खाली घातली. त्यांची छत्री काखेतून घसरून पडली, ती कुणी उचलली नाही. मी एकदा आप्पांकडे, एकदा आईकडे बघत होते. मग आई उठली, ओल्या हातांनीच त्यांच्यापुढे बसली आणि त्यांच्या जोड्यांच्या नाड्या सोडायला लागली.